मधला व्यापारी काढला, मग उधारी कोणी सोसायची?

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या उद्योजकता मंडळाने एका विद्यार्थिनीला टॉवेलचा धंदा सुरू करून दिला. माल चांगला निघाला, वेळेवर पोहोचला, गिऱ्हाइकाने ठेवूनही घेतला. तरीही चार महिन्यांनी तिच्या घरचे दोन माग बंद उभे होते, सूतवाल्याचे व्याज चढत होते आणि मंडळाच्या बैठकीत मुलांचे आवाज चढले होते. या धंद्यात कोणी फसवले नाही, कोणी आळस केला नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. मी या मंडळाला हिशेब आणि कागदपत्रांच्या बाजूने मदत करतो, त्यामुळे बराचसा भाग जवळून पाहिला आहे. महाविद्यालयाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि रकमा समजायला सोप्या जाव्यात म्हणून गोल केल्या आहेत.

मंडळ आणि मुलगी

सोलापूरचे विद्यापीठ 2004 साली स्थापन झाले आणि 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. एकाच जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ आहे. याचा एक फायदा असा की इथली मुले ज्या गावात शिकतात, त्याच गावात किंवा तालुक्यात त्यांच्या घरचा धंदा, शेती, दुकान असते. बार्शीचा आडत्या, मंगळवेढ्याचा ज्वारीवाला, सांगोल्याचा डाळिंबवाला, सोलापूर शहराच्या पूर्वभागातला यंत्रमागधारक, सगळ्यांची मुले एका वर्गात बसतात. उद्योजकता शिकवायला याहून चांगली जमीन शोधून सापडणार नाही.

पण महाविद्यालयांतल्या मंडळांनी जो साचा उचलला तो आयआयटीसारख्या संस्थांचा. मुंबईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांचा ई-सेल, म्हणजे असेच उद्योजकता मंडळ, 1998 पासून आहे. तिथली पद्धत हळूहळू सगळीकडे गेली: कल्पना मांडायची, सात मिनिटांचे सादरीकरण करायचे, परीक्षकांनी प्रश्न विचारायचे, पहिल्या तिघांना बक्षीस. त्या पद्धतीत वाईट काही नाही. चारचौघांत उभे राहून बोलायला लागल्यावर मुलांचा धीर वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र ती पद्धत जिथे घडली, तिथे सादरीकरण ऐकून पैसे लावणारा माणूस समोर बसलेला असतो. सोलापुरात समोर बसतात ते प्राध्यापक, एखादे बँक अधिकारी आणि एखादे कारखानदार. ते शाबासकी देतात, भांडवल देत नाहीत.

मंडळाच्या खोलीत वालचंद हिराचंदांचे मोठे चित्र आहे. ते 1882 साली सोलापुरात जन्मले. पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन आणि 1940 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, हे मुलांना तोंडपाठ आहे. त्यांची सुरुवात मात्र रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांपासून, लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत झाली होती, हे खोलीतल्या फारच थोड्यांना माहीत होते. ठेकेदारीत आधी मजूर आणि माल यांचा खर्च, मग काम, मग बिल आणि त्यानंतर कधीतरी पैसे. जहाजे आणि विमाने चित्रात शोभतात, पण विसाव्या वर्षी शिकण्यासारखे आहे ते ठेक्याचे गणित.

या प्रकरणातली मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. घर पूर्वभागात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचे चार माग, टेरी टॉवेलचे. ते स्वतःचा माल काढत नाहीत. व्यापारी सूत देतो, हे विणून देतात आणि मजुरी घेतात. सोलापुरात अशी घरे पुष्कळ. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथे गिरण्या आल्या, वाढल्या, पुढे एकेक करून बंद पडल्या. माग मात्र गल्लीबोळांत, घराच्या मागच्या खोलीत चालू राहिले. तिच्या घरीही तसेच आहे. पुढच्या खोलीत झोपायचे आणि मागच्या खोलीत खडखडाट. आई कांड्या (आडव्या सुताची रिळे) भरते आणि कडेची शिलाई मारते. मुलगी दहावीपासून वडिलांची वही लिहिते.

सादरीकरण

फेब्रुवारीत मंडळाची स्पर्धा झाली. तिने मांडलेली गोष्ट सरळ होती. व्यापारी आमच्याकडून मजुरीवर टॉवेल विणून घेतो, त्याच्या नावाने विकतो आणि मधला नफा घेतो. आम्हीच थेट गिऱ्हाइकाला विकले तर तो नफा घरात राहील. गिऱ्हाईक कोण? पंढरपूर आणि अक्कलकोटची लॉज, भक्तनिवास. वारीच्या आधी त्यांना टॉवेल लागतातच, आणि तीर्थक्षेत्रे इथून जवळ. नाव असेल तिचे स्वतःचे, लेबलवर सोलापूर ठळक.

परीक्षकांना ते आवडले आणि पहिले बक्षीस मिळाले. सादरीकरणातली एक पाटी मला अजून आठवते: "मधला व्यापारी हटवा." टाळ्या त्या पाटीला पडल्या.

लेबलबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण अनेक मुले हे करतात. तिने नमुन्याच्या लेबलवर भौगोलिक मानांकनाचे चिन्ह छापले होते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना हे मानांकन आहे, पण सोलापुरात विणला म्हणून कोणीही ते चिन्ह लावू शकत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. चिन्ह काढले, "सोलापुरात विणलेला" एवढे ठेवले. तेवढ्यानेही काम भागते.

परीक्षकांपैकी कोणी एक प्रश्न विचारला नाही, आणि मंडळाच्या अर्जातही तो नव्हता: माल दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे दिवस कोणाच्या पैशावर काढायचे?

व्यापारी फक्त नफा घेत नाही. तो सूत आणतो, म्हणजे भांडवल त्याचे. तो माल उधारीवर विकतो आणि दोन-तीन महिने वाट पाहतो, म्हणजे उधारीही त्याचीच. मागवाल्याला मजुरी आठवड्याच्या आठवड्याला मिळते, मग गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. मजुरी कमी आहे, तिच्यावर घर जेमतेम चालते, आणि व्यापाऱ्याबद्दल या घरांमध्ये जो राग आहे तो मला पूर्ण पटतो. पण व्यापाऱ्याला हटवले की त्याचा नफा आपल्याकडे येतो आणि त्याचे ओझेही. पाटीवर पहिले अर्धे वाक्य होते, दुसरे नव्हते.

ऑर्डर

मेमध्ये पंढरपूरच्या एका लॉजमालकाने 600 टॉवेल सांगितले. पांढरे, तीस बाय साठ इंची, आषाढीच्या आधी पोहोचले पाहिजेत. मंडळात जल्लोष झाला. अध्यक्ष मुलाने समूहावर लिहिले, "आपली पहिली खरी ऑर्डर बे!" आणि ते खरेच होते; आधीच्या स्पर्धांतून कोणी काही विकले नव्हते.

हिशेब असा होता. तीस बाय साठ इंच म्हणजे साधारण 1.16 चौरस मीटर. दर चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा टॉवेल धरला तर एक नग सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. टाकाऊ धरून साडेपाचशे ग्रॅम सूत. टेरीला दोन बीम (उभे सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक खालच्या पक्क्या विणीचा आणि एक वर उभ्या राहणाऱ्या सुताच्या फासांचा; फासांचे सूत भराभर संपते, म्हणून साध्या कापडाच्या अंदाजाने सूत मागवणारा इथे हमखास कमी पडतो. वडिलांना हे विचारावे लागले नाही. किलोला 255 रुपयांनी नगाला 140 रुपयांचे सूत. ब्लीचिंग 20, विणकाम, कांडी आणि शिलाईची मजुरी मिळून 25, वीज आणि किरकोळ 10, बांधणी आणि वाहतूक 5. नगाला 200 रुपये खर्च, 230 ला विक्री. जीएसटीचा भाग बाजूला ठेवू. 600 नगांवर 18,000 रुपये नफा.

हाच कागद मंडळाने महाविद्यालयाच्या फलकावर लावला. कागदावरचे सगळे आकडे बरोबर होते. फक्त त्यावर एकही तारीख नव्हती.

84,000 रुपयांचे सूत तिच्या वडिलांनी ओळखीच्या दुकानातून तीस दिवसांच्या उधारीवर आणले. त्यानंतर शेकडा दोन रुपये महिना व्याज. बाकीचा खर्च घरातून, आणि बक्षिसाची रक्कम ब्लीचिंगला गेली. चारपैकी दोन माग या ऑर्डरला लावले. त्यासाठी व्यापाऱ्याचे दोन बीम थांबवावे लागले. व्यापारी काही बोलला नाही. पुढचे बीम मात्र त्याने शेजारच्या गल्लीत दिले.

मंडळाने आणखी एक मदत केली आणि तीच पुढे अडचणीची ठरली. संस्थापक म्हणून तिचे स्वतःचे नाव असावे, यासाठी मंडळाच्या मुलांनी तिच्या नावाने नवीन फर्म नोंदवून दिली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन असते, तिला एक रुपया लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत होते. अर्जात व्यवसायाचा प्रकार विचारतात. माग वडिलांच्या नावाने आहेत, ही फर्म वडिलांकडून टॉवेल घेऊन विकणार, म्हणून मुलांनी प्रामाणिकपणे "व्यापार" निवडले. बिलाचा नमुना इंटरनेटवरून घेतला. त्यात पैसे देण्याच्या मुदतीची एक ओळ होती, ती रिकामी राहिली.

माल जूनच्या अखेरीस पंढरपूरला पोहोचला. लॉजमालकाने टॉवेल हाताने दाबून पाहिला, म्हणाला, "माल झकास आहे ताई. वारी होऊन जाऊ दे, मग पैसे घेऊन जा."

अडकलेले पैसे

वारी झाली. जुलै संपला. ती फोन करायची, तो उचलायचा, गोड बोलायचा. ऑगस्टमध्ये म्हणाला की टॉवेलचे तंतू सुटतात, गिऱ्हाइके कुरकुर करतात, चार हजार कमी करावे लागतील. नवीन टेरी टॉवेल पहिल्या दोन-तीन धुण्यांत तंतू सोडतोच. हे पंढरपुरात लॉज चालवणाऱ्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही. पण त्याला खोटारडा म्हणण्याचीही माझी तयारी नाही. त्याचेही गणित हंगामाचे आहे. आषाढीत जमलेला पैसा थकलेले पगार, लाइटबिल आणि कर्जाच्या हप्त्यात जातो. मग हात मोकळा होतो तो थेट कार्तिकीला. त्याने तिचे पैसे बुडवायचे ठरवले नव्हते. त्याने तिला सगळ्यात शेवटच्या रांगेत उभे केले होते, कारण ती सगळ्यात लहान होती आणि तिच्या बिलावर तारीख नव्हती.

घरात मात्र तारखा होत्याच. कामगाराचा पगार दर आठवड्याला. सूतवाल्याचे व्याज जुलैपासून सुरू, महिन्याला 1,680. दोन माग काही आठवडे उभे, कारण व्यापाऱ्याने बीम दिले नाहीत. वडील मुलीला काही बोलले नाहीत. तिने मला नंतर सांगितले की ते बोलले असते तर बरे वाटले असते. ऑक्टोबरच्या शेवटी आईने भिशीचा नंबर मागून घेतला आणि त्यातून सूतवाल्याचे खाते बंद केले. ती भिशी दिवाळीसाठी आणि धाकट्या मुलाच्या फीसाठी होती.

मंडळाला हे सप्टेंबरपर्यंत कळलेच नव्हते. तिने सांगितले नाही आणि मंडळाने विचारले नाही. वार्षिक अहवालात "विद्यार्थिनीची 1,38,000 रुपयांची विक्री" असे छापूनही झाले होते. विक्री आणि वसुली यांतला फरक वाणिज्य शाखेच्या मुलांना परीक्षेपुरता पक्का ठाऊक असतो. आपल्याच मैत्रिणीच्या बाबतीत तो कोणाच्या डोक्यात आला नाही.

बैठक

सप्टेंबरमध्ये तिने कोषाध्यक्ष मुलीला सांगितले आणि बैठक बसली. त्या दिवशी मला बोलावले होते. चार मते पुढे आली.

अध्यक्षाचे म्हणणे, समाजमाध्यमावर लॉजचे नाव टाकू. "दोन दिवसांत पैसे देतो की नाही बघ की." मुलीने लगेच नकार दिला. "नान्नांनी (वडिलांनी) सांगितलंय, बोंब करायची नाही. त्या लॉजवाल्याच्या भावाचं पण लॉज आहे, आणि तिथं सगळे एकमेकांना ओळखतात." यात भित्रेपणा नव्हता, धंद्याची समज होती. गिऱ्हाइकाला चारचौघांत उघडे पाडून वसूल केलेले पैसे शेवटचे असतात.

दुसरे मत, मंडळाकडे प्रायोजकांचे पैसे शिल्लक आहेत, त्यातून वडिलांना बिनव्याजी द्यावे. मन चांगले, पण ते पैसे महाविद्यालयाच्या खात्यात आहेत, त्यांचे लेखापरीक्षण होते, आणि एका सदस्याच्या घरची देणी भागवायला ते वापरता येत नाहीत. प्राचार्यांनी हे शांतपणे सांगितले. मला ते योग्य वाटले. आज हिला दिले तर उद्या कोणाला नाही म्हणणार?

तिसरे मत एका हुशार मुलाचे. त्याने कायदा काढून आणला होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच ठरलेले नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. दाद मागायला राज्यांच्या सुकरता परिषदा आहेत आणि 2017 पासून ऑनलाइन तक्रारही करता येते. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती 15 दिवसांत लेखी करायला हवी. म्हणजे ऑगस्टमध्ये फोनवर काढलेला तंतूंचा मुद्दा टिकला नसता. शिवाय आयकर कायद्यात केलेल्या बदलामुळे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंतही थकलेच, तर ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मोठ्या खरेदीदारांचे लेखापाल मार्च जवळ आला की स्वतःच देणी तपासू लागतात. मुले ऐकून सरसावून बसली.

मी तिची उद्यम नोंदणी मागितली. त्यावर "व्यापार" लिहिले होते. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पैसे देण्याविरुद्धचे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. टॉवेल विणले वडिलांच्या मागांवर, बिल फाडले मुलीच्या व्यापारी फर्मने. वडिलांच्या युनिटची उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी आधीपासून होती. एका वीजबिलाच्या सवलतीसाठी कोणीतरी ती करून दिली होती आणि कागद कपाटात पडून होता. बिल त्या युनिटच्या नावाने गेले असते, नोंदणी क्रमांक बिलावर असता, तर कायदा या घराच्या बाजूने उभा राहिला असता. ज्या व्यापाऱ्याला हटवायचे होते, कागदावर आपण तोच होऊन बसलो होतो.

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. फर्म नोंदवून देणारा मुलगा रडवेला झाला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने अर्ज खरा भरला होता. चूक त्या अर्जाच्या कितीतरी आधी झाली होती, जेव्हा मंडळाने ठरवले की उद्योजक म्हणजे नवीन नाव, नवीन फर्म, नवीन लेबल. तिच्या घरात उद्योग होताच. चार माग, अनेक वर्षांची सूतवाल्याकडची पत, कामगार, नोंदणी, सगळे होते. मंडळाने त्याला वळसा घालून शेजारी एक रिकामी टपरी उभी करायला मदत केली.

चौथे मत कोषाध्यक्ष मुलीचे, आणि शेवटी तेच झाले. भांडायला नव्हे, तारखा ठरवायला जाऊ.

ती मुलगी आणि कोषाध्यक्ष, दोघी पंढरपूरला गेल्या. सोबत खाते उतारा, बिल, मालाची पोच. आवाज न चढवता त्यांनी सांगितले की पैसे कधी येणार ते कळले तर सूतवाल्याला तसे सांगता येईल. लॉजमालकाने चहा मागवला, कार्तिकीनंतर देतो म्हणाला. कोषाध्यक्षाने विचारले, "मग काका, कार्तिकीनंतरच्या तारखेचे चेक देता?" तो थोडा थांबला आणि त्याने तीन चेक लिहून दिले, चार हजार कापून. दोघींनी ते घेतले. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली कारवाई होऊ शकते, हे त्यालाही ठाऊक होते. तो शब्द कोणाला उच्चारावा लागला नाही. कार्तिकीनंतर दोन चेक वटले. तिसऱ्याला त्याने फोन करून आठवडाभर थांबायला सांगितले, मग तोही वटला.

हिशेब संपला तो असा: 18,000 नफा, त्यातून 4,000 कापलेले, 6,720 सूतवाल्याचे व्याज. उरले 7,280. काही आठवडे बंद राहिलेल्या दोन मागांची बुडालेली मजुरी यात धरली तर हातात काही राहत नाही.

नाव कोणाचे

यानंतर मंडळात आणि माझ्या बोलण्यातही सोपा निष्कर्ष काढला गेला: पुढची ऑर्डर वडिलांच्या युनिटच्या नावाने घ्यायची, बिलावर उद्यम क्रमांक आणि तीस दिवसांची मुदत छापायची, निम्मे आगाऊ घ्यायचे. व्यवहाराच्या दृष्टीने हे बरोबर आहे.

ती मुलगी मात्र यावर नाराज होती आणि तिचे म्हणणे ऐकल्यावर मला या प्रकरणाची दुसरी बाजू दिसली. ती म्हणाली, "सर, घरची वही मी लिहिते, जीएसटीचं मी बघते, गिऱ्हाईक मी आणलं. पण कुठल्याच कागदावर माझं नाव नाही. ती फर्म एकच गोष्ट माझी होती." पूर्वभागातल्या मागांच्या घरांमध्ये कांड्या भरणाऱ्या, शिलाई मारणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या बायका आहेत, आणि नोंदणीपत्रावर, बँकेच्या खात्यावर, दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव सहसा नसते. मंडळाने तिला स्वतःचे नाव दिले, यात चूक नव्हती. ते नाव कुठे लिहायचे, ते चुकले.

वाट आहे. वडील आणि मुलगी यांची भागीदारी संस्था करून मागांचा धंदा तिच्यात आणायचा, उत्पादक म्हणून त्या संस्थेचीच उद्यम नोंदणी करायची, बँकेत चालू खाते दोघांच्या सहीचे. मग मुद्रासारख्या योजनेतून खेळते भांडवल मागायला जाताना मागांचा इतिहास आणि मुलीचे नाव दोन्ही एकाच अर्जावर असतात. आज ती एकटी बँकेत गेली तर साहेब पहिला प्रश्न उत्पन्नाचा विचारतो आणि तिच्याकडे दाखवायला काही नसते.

वडिलांशी मी स्वतः बोललो. माणूस सरळ आहे, मुलीबद्दल अभिमान आहे. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या हिचं लग्न झालं की मग कसं?" मी म्हणालो, भागीदारीचा करार बदलता येतो, तिचा हिस्सा तिचाच राहतो, आणि ती लग्नानंतरही सोलापुरात असेल की नाही हे आज कोणाला माहीत आहे. ते हसले, "बघू की" म्हणाले. सोलापुरात "बघू की" चा अर्थ नकार नसतो, होकारही नसतो. मुलगी बाजूला बसून कांडीचे सूत गुंडाळत होती, तिने मान वर केली नाही.

मंडळाने काय बदलले

स्पर्धा बंद केली नाही, करूही नये. पण अर्जाचे दुसरे पान बदलले. आता तिथे लिहावे लागते: माल दिल्यापासून पैसे येईपर्यंत किती दिवस, ते दिवस कोणाच्या पैशावर, बिल कोणाच्या नावाने आणि का, आणि या कामासाठी घरातले कोणते चालू काम थांबणार. शेवटचा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड जातो. सांगोल्याच्या एका मुलाने डाळिंबाच्या रसाची योजना आणली होती. या प्रश्नाशी तो आठवडाभर अडला आणि मग वडिलांना घेऊनच आला.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षाच्या सदस्याने एखाद्या धंद्याची येणे-देण्याची वही महिनाभर लिहून द्यायची. चाटी गल्लीतले कापडदुकान, नवी पेठेतले स्टेशनरीचे दुकान, घरचा माग, काकांचा गॅरेज, काहीही चालेल. पैसे कोण वेळेवर देतो, कोण सणाला देतो, कोणाला दोनदा सांगावे लागते, हे मुलाला महिन्यात कळते. दुकानदार आधी टाळाटाळ करतात, वही दाखवायला कोणालाच आवडत नाही. पण मुलगा आठ दिवस बसून बिले लावून देऊ लागला की वही आपोआप समोर येते.

विद्यापीठात नवउद्योगांसाठी इन्क्युबेशन केंद्र आहे. तिथपर्यंत जाणाऱ्या मुलाच्या हातात सादरीकरणाबरोबर एका पूर्ण झालेल्या व्यवहाराचा कागद असावा, सूत आणल्यापासून चेक वटेपर्यंतचा, असे आता मंडळ धरून चालते. व्यवहार पाच हजारांचा असला तरी चालेल.

आणि वार्षिक अहवालातला तो आकडा. कोषाध्यक्ष मुलीने आग्रह धरून पुढच्या अंकात दुरुस्ती छापली: विक्री 1,38,000, वसुली 1,34,000, मुदत पाच महिने. प्राचार्यांना आधी ते खटकले होते, महाविद्यालयाची शोभा होईल म्हणून. छापल्यावर दोन कारखानदारांचे फोन आले की तुमच्या मुलांना आमच्याकडे पाठवा, हे लिहिणारी मुले आम्हाला हवी आहेत.

मुलीला माघी वारीच्या आधी अक्कलकोटच्या एका भक्तनिवासाची चौकशी आली. 300 नग. यावेळी तिने आधी एक नमुना तीनदा धुऊन पाठवला, निम्मे आगाऊ मागितले आणि उरलेल्यासाठी तीस दिवस लिहून घेतले. आगाऊ रक्कम मिळेपर्यंत वडिलांनी व्यापाऱ्याचे बीम काढले नाहीत. चारही माग त्याच्याच सुतावर चालू ठेवले आणि पैसे आल्यावर फक्त एक माग या ऑर्डरला दिला. बिल वडिलांच्या युनिटच्या नावाने गेले. भागीदारीच्या कराराचा मसुदा मी तयार करून दिला आहे. तो सध्या त्यांच्या घरी आहे, वडिलांची सही अजून झालेली नाही.